दुपारचा नकल्या

निकानोरचा फोन वाजला की आधी माझ्या पोटात गोळा येतो, मग हात फोनकडे जातो. दोन वर्षं झाली, हे असंच चाललंय. कधी तो फोन आमच्या मुलीचा, इनेसचा असतो, कधी विमेवाल्यांचा, बऱ्याचदा छपरावर सौर पट्ट्या बसवून देते म्हणणाऱ्या एका गोड आवाजाच्या पोरीचा. तिला मी एकदा इतकं झापलं की तिने माफी मागितली, आणि मग मलाच दिवसभर वाईट वाटत राहिलं. तिचा काय दोष? तिला काय माहीत, या घरात फोन म्हणजे किडनी?

निकानोर माझा नवरा. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं, आणि घरी आल्यावर तो पिळलेल्या फडक्यासारखा सोफ्यावर पडून राहतो. किडनीच्या यादीत त्याचं नाव लागलं तेव्हा इस्पितळातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की फोन कधीही येईल. आला की उचलायचा, हो म्हणायचं आणि निघायचं. उचलला नाहीत तर आम्ही थांबत नाही, पुढच्या माणसाला फोन करतो. त्या पुढच्या माणसाचं मी काही वाईट चिंतत नाही. पण त्याला मी ओळखत नाही, निकानोरला ओळखते.

निकानोरने मात्र तो फोन कधी मनावर घेतला नाही. घरी विसरायचा, गाडीत विसरायचा, एकदा तर फोन फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी सापडला. मी आरडाओरडा केला की म्हणायचा, "येईल तेव्हा येईल, म्हातारे. मी काय पळून चाललोय?" मला वाटायचं, स्वभावच तसा. त्याचा थोरला भाऊ एलेउतेरियो असाच नवी किडनी बसवून घ्यायला गेला होता आणि टेबलावरून परत आला नव्हता. पण त्याला खूप वर्षं झाली होती. निकानोर त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, म्हणून मीही काढत नसे.

दर वसंतात एक दिवस सान फेर्मिनच्या जुन्या मिशनमध्ये, पाद्र्यांच्या पडक्या मठात, पक्षी बघायला जायचं, ही प्रथा त्याने आणि डॉरिसने पाडलेली. निकानोर शाळेची बस चालवायचा आणि डॉरिस त्याच शाळेत शिकवायची. सहलीला गेलेली मुलं परत येईपर्यंत हा माणूस बसमध्ये नुसता झोपा काढतो, हे बघून तिने एकदा त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्या दिवशी माझा नवरा माझ्या हातातून गेला तो गेलाच. त्यानंतर आमच्या घरी रविवारची प्रार्थना चुकली तरी चालायची, पण बदकं यायच्या दिवसांत तळं चुकलेलं चालायचं नाही.

यंदा मी म्हटलं, नाही जायचं. मिशन आहे टेकड्यांच्या खोबणीत. फोनला रेंज नाही.

"एक दिवस गं," तो म्हणाला. "त्या एका दिवसात सगळ्या जगाच्या किडन्या वाटून संपणार आहेत का?"

"संपल्या तर?"

"मग पुढच्या महिन्यात नव्या येतील."

असं बोलतो. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. मग माझ्या डोक्यात आलं की तिथल्या दुकानात मेणबत्त्या आणि पोस्टकार्डं विकणारी कुका दिवसभर फोनवर असते. तिला कुठून रेंज येते? विचारलं, तर म्हणाली, "अहो, हौदाच्या कठड्यावर येते ना. घंटांच्या भिंतीखालचा कोपरा. तिथून हातभर सरकलात की गेली." माझ्या फोनची कंपनी वेगळी, मला तिथेही काही मिळणार नव्हतं. पण निकानोरचा फोन आणि कुकाचा एकाच कंपनीचा. म्हणून मी हो म्हटलं. अट एकच होती, फोन दिवसभर त्या कठड्यावर राहील आणि फोनशेजारी मी राहीन.

आम्ही पोचलो तेव्हा डॉरिस टोपली घेऊन फाटकात उभी होती. ही तिची टोपली सगळ्यांना माहीत आहे. फेरीला येणाऱ्याने फोन बंद करून तिच्यात टाकायचा, भडक कपडे घालायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. मी लाल स्वेटर घालून आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, ते तिच्या स्वभावाला फारच झालं.

"आमचा फोन टोपलीत जाणार नाही," मी म्हटलं. डॉरिसशी मी नेहमी अहो-जाहो करते. तिच्याशी भांडण नको म्हणून. "आणि आवाजही बंद करणार नाही. फार मोठा आहे. तुमचे पक्षी उडाले तर उडाले."

"अर्थात, आंपारो," ती म्हणाली आणि माझा दंड दाबला. "सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

मी कठड्यावर बसले. फोन शेजारी ठेवला, ऊन लागू नये म्हणून त्यावर रुमाल घातला, मग रुमालामुळे रेंज जाते का ते उचलून पाहिलं. समोर पडवीच्या कमानी, मागे कमानींत घंटा टांगलेली ती उंच भिंत, भिंतीच्या खबदाडांत भिंगऱ्यांची मातीची घरटी. पक्षीवाली मंडळी दबक्या पावलांनी ऑलिव्हच्या जुन्या बागेकडे गेली. निकानोर सगळ्यांत मागे होता. त्याचे घोटे सुजले होते, तरी त्याने नवे बूट घातले होते. चालताना तो मान वर करून असा काही हसत होता, की माझा राग अर्धा तिथेच उतरला.

आणि फोन वाजला.

मी रुमाल फेकला, फोन उचलला, तो हातातून निसटून जवळजवळ हौदातच गेला असता. पडदा काळा. कुणाचाही फोन नाही. तरी वाजतोय! इनेसने त्याच्यात घालून दिलेला तोच कर्कश सूर, कान किटवणारा. मी फोन कानाला लावला, हलवला, देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात तो सूर थांबला, आणि त्याच जागेवरून, घंटांच्या भिंतीवरून, बाजाची किंकाळी आली.

वर बघितलं तर राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा एक पक्षी सगळ्यांत वरच्या घंटेच्या कमानीवर बसला होता. सेन्सोंत्ले म्हणायची माझी आई त्याला. आमच्या घरात त्याचं नाव नकल्या.

दुकानाच्या दारात कुका हसून हसून वाकली होती. "अहो, तो मेला मला किती महिने पळवतोय! माझाही फोन असाच वाजतो ना. त्यावरूनच शिकलाय. जेवणावरून उठवतो, बाथरूममधून उठवतो."

लांबून निकानोरनेही पाहिलं होतं. तो पाय ओढत परत आला आणि माझ्या शेजारी टेकला. त्याने माझे हात हातात घेतले.

"विसरलीस?" तो म्हणाला. "दुर्बीण मिळाली तेव्हाच शिकवलं होतं तुला. नकल्याला एका गाण्यात चैन पडत नाही. एक तुकडा घेतो, तीन-चारदा म्हणतो, की लगेच दुसरा. बाज, मग गाडीचा भोंगा, मग मांजर. खरा फोन काय, एकदा लागला की एकच धरून बसतो. घाबरायच्या आधी मोज."

"तुझ्या शिकवणीत पक्ष्यांशिवाय दुसरं काही होतं का रे?"

"दुसरं काय असतं?" तो म्हणाला, आणि उठून गेला.

मी ऐकत राहिले. खरंच तसंच होतं. फोनचा सूर, पुन्हा फोन, पुन्हा फोन, मग बाज. बाज, बाज, मग कुठल्या तरी ट्रकचा मागे येतानाचा पिपाणीचा आवाज. मग मधेच परत फोन. प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर व्हायचा, आणि प्रत्येक वेळी मी रुमाल उचलून पडदा बघायचीच. सांगून समजतं ते डोक्याला. पोटाला कुठे समजतं?

सकाळ अशी गेली. एका बाईला हौदाशी फोटो काढायचा होता. तिने मला जरा बाजूला व्हाल का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. तिच्या फोटोत आता कायम एक लाल स्वेटरची चिडकी म्हातारी राहील. विणकाम आणलं होतं, पण ओळीमागून ओळ उसवत होते. मधे एकदा रेंजच्या दांड्या एकदम गेल्या. मी फोन घेऊन त्या कोपऱ्यात इंच इंच सरकत राहिले आणि त्या आल्यावर मला रडू आलं. कुणी पाहिलं नाही.

मंडळी मागच्या शेतात होती. मिशनच्या पडक्या भिंतीमागे पुरुषभर उंचीची मोहरी माजलीय, पिवळीधमक, आणि या दिवसांत तिच्यात निळा भारीट उतरतो म्हणे. चिमणीएवढा जीव. त्याच्यासाठी शहाणीसुरती माणसं तासन्‌तास मोहरीत दगडासारखी उभी राहतात. दिसला तर नुसतं बोट करायचं, बोलायचं नाही. आणि या लोकांचा एक धर्म असतो, जो पाहिला नाही किंवा ऐकला नाही, तो पक्षी सांगायचा नाही. संध्याकाळी सगळे हौदाभोवती जमतात, डॉरिस एकेका पक्ष्याचं नाव घेते आणि ज्याला मिळाला तो हात वर करतो. तपासायला कुणी येत नाही. सगळं विश्वासावर.

निकानोर या बाबतीत भयंकर. इनेसच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता झालेला लासारो, आमच्या घरचाच माणूस. त्याने एकदा साधं गिधाड बघून दुर्मिळ कॉन्डोर पाहिला म्हणून सांगितलं. निकानोरने त्याच्याशी बोलणं टाकलं. लासारोच्या घरी लग्न झालं, आम्ही गेलो नाही. शेवटी दोन वर्षांनी लासारोने याच हौदाशी, सगळ्यांसमोर, "गिधाड होतं, बाबांनो, गिधाड होतं" असं कबूल केलं, तेव्हा दोघं गळ्यात पडले. हाच माणूस मला बिअर किती प्यायला ते खोटं सांगायचा, पत्त्यांत किती हरला ते खोटं सांगायचा. पण पक्ष्याबद्दल कधी नाही.

दुपारी तो माझ्याकडे आला. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"चल, जेवू," तो म्हणाला. "मागे मिरीच्या झाडाखाली टेबल आहे, सावली आहे. डॉरिस वाट बघतेय."

"आणि हा?"

"राहू दे इथेच. भिंतीपलीकडेच तर बसायचंय. एवढा मोठा आवाज आहे, मेलेलं माणूस उठेल. कुका आहे ना दुकानात." मी हलले नाही तेव्हा तो म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू. चक्कर येऊन पडलीस तर मला गाडी चालवता येत नाही आता."

ते खरं होतं. मी कुकाला हाक मारून सांगितलं, फोनवर रुमाल नीट घातला आणि गेले.

मी बिनमिठाचे तामाले केले होते, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले पिठाचे मुटके. बिनमिठाचा तामाल खाणं ही शिक्षा आहे, पण त्याला मीठ चालत नाही, बटाटा चालत नाही, टोमॅटो चालत नाही, म्हणून मीही तेच खाते. डॉरिस आणि आणखी दोघं तिघं टेबलाशी होती. निकानोरने दोन घास खाल्ले आणि दुर्बीण डोळ्याला लावून झाडाकडे बघत बसला. ही वेलीवरची काळी मिरी नव्हे, डेरेदार झाड; त्याला गेल्या हंगामाचे उरलेसुरले गुलाबी मिरे लोंबत होते.

भिंतीपलीकडून फोनचा सूर आला.

मी उठले.

"बस, म्हातारे," निकानोर म्हणाला. दुर्बीण त्याने काढली नाही. "तोच आहे. नकल्या."

टेबलावरचे सगळे हसले. "दिवसभर छळतोय बिचारीला," कुणीतरी म्हणालं. मी अर्धी उभी, अर्धी बसलेली. निकानोर म्हणतोय म्हणजे नकल्याच. या तालुक्यात त्याच्या कानाला कान नाही. पानामागच्या पिल्लाने चोच उघडली तरी हा सांगेल कुणाचं पिल्लू ते.

पुन्हा तोच सूर. आता बाज, मी मनात म्हटलं. आता बाज येईल.

पुन्हा तोच.

"बस गं," निकानोर म्हणाला. आवाज जरा चढला होता.

पुन्हा तोच. बाज आला नाही, ट्रक आला नाही, मांजर आलं नाही. मी धावले. माझा गुडघा दुखतो, मी चर्चच्या पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून उतरते, पण त्या दिवशी त्या भिंतीला वळसा घालून मी कशी गेले ते मला आठवत नाही. कुका गिऱ्हाइकाला पैसे परत देता देता दुकानाच्या दारातून ओरडत होती, "खरा वाजतोय! अहो, खरा!" मी रुमालासकट फोन कानाला लावला.

"निकानोर आहेत का?" शांत आवाजातली बाई. तिने इस्पितळाचं नाव सांगितलं. "एक किडनी आहे. त्यांच्याशी जुळतेय. मला आत्ता उत्तर हवं."

"हो," मी म्हटलं. "हो, हो. मी बायको. आम्ही येतो, निघालोच."

"छान. पण मला त्यांच्या तोंडून हवंय. त्यांचा हो."

"ते इथेच आहेत. जवळच."

"मग द्या त्यांना. मी थांबते, पण फार नाही थांबू शकणार. माझ्यासमोर दुसरं नाव आहे."

फोन घेऊन निघाले असते तर चार पावलांवर बोलणं तुटलं असतं. मी कुकाला हाताला धरून ओढत आणलं, फोन तिच्या कानाला चिकटवला आणि तिला कठड्यावर दाबून बसवलं. "हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे. बाईंशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल!"

मी वळले तेव्हा कुका सांगत होती, "नमस्कार बाई, मी कुका, माझं मेणबत्त्यांचं दुकान आहे."

टेबलाशी आले तर निकानोर नव्हता. त्याच्या ताटात तामाल तसाच होता.

"कुठे गेला?"

"मोहरीत," डॉरिस म्हणाली. "भारीट ऐकू आला म्हणाला. अगं, काय झालं? हा तुझा चोर बघ, तू उगाच धावलीस." तिने वर बोट केलं. मिरीच्या झाडावर, आमच्या डोक्यावर, नकल्या बसला होता आणि गुलाबी मिरे टिपत होता. "जेवायला बसल्यापासून इथेच आहे तो. निकानोर त्याच्याकडेच तर बघत होता." आणि मग तिचा चेहरा बदलला. "मग वाजत काय होतं?"

चोचीत मिरा धरलेला पक्षी निकानोरच्या दुर्बिणीत होता, आणि निकानोर मला म्हणाला, बस, नकल्या आहे.

मोहरीच्या शेतात मंडळी पांगून उभी होती, सगळी गप्प, सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच बाजूला. त्यांच्यात तो नव्हता. "निकानोर!" मी हाक मारली. सगळ्या माना वळल्या, एकाने ओठांवर बोट ठेवलं. "निकानोर!" मी आणखी मोठ्याने ओरडले, आणि मोहरीतून निळं काहीतरी भुर्रकन उठून टेकडीकडे गेलं. कुणीतरी हळहळलं. माझ्या आयुष्यात मला कुठल्या पक्ष्याची इतकी कमी पर्वा वाटली नसेल.

तो पडक्या भिंतीमागे होता, एका ऑलिव्हच्या खोडाला टेकून. दुर्बीण डोळ्याला लावलेली, समोर नुसती भिंत.

"फोनवर थांबल्यात त्या," मी म्हटलं. "तुझ्या तोंडून हो हवाय त्यांना."

"आला का?" तो म्हणाला. फार वाईट नाटक केलं त्याने.

"निकानोर, तुला कळलं होतं."

त्याने दुर्बीण भिंतीवरच रोखून धरली.

"काढ ती दुर्बीण."

त्याने काढली. डोळे ओले होते. "एलेउतेरियो त्या सकाळी मला म्हणाला, संध्याकाळी मला चोरून एक बिअर आणून दे," तो म्हणाला. "असा बोलत होता, जसा केस कापायला चाललाय. खुर्चीत बसतो ना मी आठवड्यातून तीनदा, तर निदान उठून घरी तरी येतो. भीती वाटते मला, आंपारो. तुला कसं सांगू? तू त्या फोनला देवासारखी पुजतेस आणि मला वाजला की पळून जावंसं वाटतं."

मला त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटत होतं. एलेउतेरियोचं नाव इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून आलं होतं. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ घेऊन तासभर बसले असते. पण कुका मेणबत्त्यांबद्दल किती वेळ बोलणार होती? आणि मला राग आला होता. इतका राग आला होता, की कान तापले.

"भीती वाटते म्हणालास, कळलं," मी म्हटलं. "मलाही वाटते. नको म्हणायचंय तर जाऊन त्या बाईला नको म्हण. मी तुला उचलून टेबलावर निजवू शकत नाही. पण मला पक्षी खोटा सांगितलास तू. मला. लासारोने परक्यांना सांगितला होता, तर दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाहीस. आणि मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून जो पक्षी निघेल तो पक्षी मानत आले. आज मी बसले असते, निकानोर. तू म्हणालास बस, आणि मी जवळजवळ बसलेच होते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या थोबाडीत मारली होती. बाकी काही बोलले असते तर त्याने खांदे उडवले असते, हे मला माहीत आहे. तो खोडाला रेटा देऊन उभा राहिला आणि चालायला लागला. त्या सुजलेल्या पायांनी तो किती हळू चालत होता! मी त्याचा दंड धरून ओढत होते आणि मनात त्या बाईला विनवत होते, थांब, थांब, दुसरं नाव वाचू नकोस.

हौदाशी कुका घामाघूम होऊन बसली होती. "आणि मधमाशांच्या मेणाच्या असतात ना, त्या जरा महाग," ती सांगत होती. आम्हाला बघून तिने फोन असा पुढे केला, जसं तान्हं मूल देतेय.

निकानोरने फोन घेतला. मी त्याचा हात खालून धरला.

"बोलतोय," तो म्हणाला. मग ऐकत राहिला. घंटांच्या भिंतीतून भिंगऱ्या आत-बाहेर करत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, नाही म्हणणार. मी देवाशपथ सांगते, मला तसंच वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"हो," तो म्हणाला.

तिकडून काहीतरी विचारलं असावं. "थोडा तामाल. बिनमिठाचा," तो म्हणाला. "नाही, आता काही नाही खाणार. हो. येतो."

आम्ही फाटकाकडे निघालो तेव्हा डॉरिस आणि सगळी मंडळी धावत आली होती. कुणी आमच्या पिशव्या उचलल्या, कुणी गाडीचं दार उघडलं. डॉरिसने त्याच्या गळ्यात हात टाकले. तो तिला जरा लांब धरून म्हणाला, "संध्याकाळी मी नसेन. तर आत्ताच सांगतो. दुपारचा नकल्या मोजू नकोस."

"अरे, कुठला नकल्या घेऊन बसलास! आणि सकाळचा आहेच की यादीत."

"सकाळचा खरा. दुपारचा मी खोटा सांगितला. फोन होता तो, मला माहीत होतं." त्याने हे मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. डॉरिसने मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "काढला."

मी गाडी चालू केली. दोन तासांच्या आत पोचायचं होतं आणि महामार्ग लागेपर्यंत घाटाचा रस्ता. निकानोरने फोन मांडीवर ठेवला होता. आता त्याला रेंज नव्हती आणि ती बाई पुन्हा काही सांगायला फोन करत असेल का, हा नवा घोर माझ्या मानगुटीवर बसला होताच. त्याने खिडकी खाली केली. फाटकाबाहेर निघालो, आणि फोनचा सूर आला.

मी कचकन ब्रेक मारला. दोघांनीही मांडीवर बघितलं. त्याने फोनच्या पडद्यावर तळहात ठेवला, बघू नये म्हणून की बघायची भीती म्हणून, कोण जाणे, आणि कान खिडकीकडे केला.

"कोण?" मी विचारलं.

सूर पुन्हा आला. पुन्हा आला. तो ऐकत होता, त्याच्या त्या सवयीने, डोळे बारीक करून, आणि त्याचा दुसरा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की दुखत होतं.

"नकल्या," तो म्हणाला.

मी पडदा बघायला हात पुढे केला नाही. गियर टाकला आणि त्याला म्हटलं, पट्टा लाव.